डायलिसिस आणि पडणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डायलिसिस विभागात काम करताना रुग्ण आणि त्यांच्या घरची माणसं जे प्रश्न सतत विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. बरेचसे त्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. उत्तरं हीमोडायलिसिसवाल्यांसाठी, म्हणजे मशीनमधून रक्त शुद्ध करून घेणाऱ्यांसाठी आहेत, पोटातून होणाऱ्या डायलिसिसचं गणित वेगळं असतं. गोळ्यांबद्दल जे लिहिलंय ते डॉक्टरांशी बोलता यावं म्हणून लिहिलंय. वाचून स्वतःच डोस बदलू नका.

१. डायलिसिसवरची माणसं खरंच जास्त पडतात, की वय झालं म्हणून पडतात?

वयाचा वाटा आहेच, पण डायलिसिसचा त्याहून कमी नाही. एरवी पासष्टी ओलांडलेल्या साधारण तिघांपैकी एक जण वर्षभरात एकदा तरी पडतो. २००६ साली कॅनडातून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६५ आणि त्यापुढच्या वयाच्या १६२ हीमोडायलिसिस रुग्णांवर लक्ष ठेवलं होतं. त्यातले जवळजवळ निम्मे पडले, आणि माणशी वर्षाची सरासरी निघाली १.६. म्हणजे पडणारे एकदा पडून थांबले नाहीत. वय कमी आहे म्हणून निर्धास्तही राहू नका. मशीनवरून उठताना चाळिशीतला माणूससुद्धा कोसळताना मी पाहिलाय.

२. पण नेमकं होतं काय? चालता चालता पाय का लटपटतात?

एका कारणाने क्वचितच होतं. चार तासांत रक्तातून दोन-तीन लिटर पाणी काढलं जातं. शरीराच्या बाकी भागातलं पाणी रक्तवाहिन्यांत परत यायला वेळ लागतो आणि तोवर रक्त कमी भरतं. अशात उभं राहिलं की आहे ते रक्त पायांकडे उतरतं. निरोगी माणसाच्या रक्तवाहिन्या त्या क्षणी आवळतात, हृदय वेग वाढवतं, आणि त्याला काही कळतही नाही. किडनीच्या जुन्या आजारात, त्यातून मधुमेह असेल तर जास्तच, हे काम करणारे मज्जातंतू मंदावलेले असतात. मग डोळ्यांपुढे अंधारी येते.

तळपायांचे मज्जातंतूही बधिर झालेले असतात, पायाखाली फरशी आहे की सतरंजीची दुमडलेली कड, ते उशिरा कळतं. मांड्या बारीक झालेल्या असतात, कारण भूक नाही, हालचाल नाही आणि दर डायलिसिसला थोडी अमिनो आम्लं बाहेर जातात. हिमोग्लोबिन कमी. वर गोळ्या (प्रश्न ६ आणि ७ पाहा). यातलं एखादं माणूस निभावून नेतो, तीन-चार एकत्र आली की तोल जातो.

३. डायलिसिस संपल्यावर लगेच उठलं तर चालतं का? किती वेळ बसावं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात कमी पाळला जाणारा प्रश्न.

आमच्याकडे रोज दिसणारं चित्र सांगते. सुया निघाल्या. माणूस एका हाताने दुसऱ्या हातावरचा कापूस दाबून धरतो, म्हणजे दोन्ही हात अडकले. चपला खाटेखाली कुठेतरी सरकलेल्या. गाडी खाली उभी आहे म्हणून नातेवाईक दारातून खुणावतोय. आणि समोर वजनकाटा, ज्यावर अनवाणी, चार बोटं उंच पाय उचलून चढायचं असतं. पडायला याहून सोयीची मांडणी मुद्दाम ठरवूनही करता आली नसती!

म्हणून क्रम ठरवून घ्या. सुईच्या जागेवरचं रक्त पूर्ण थांबेपर्यंत पडूनच राहा. मग डोकं वर करून बसा. पाय खाली सोडून पाच-दहा मिनिटं बसा आणि तेवढ्या वेळात घोटे वर-खाली हलवत राहा, त्याने पोटऱ्यांतलं रक्त वर चढतं. मग कुणाला तरी शेजारी उभं करून उभे राहा आणि खाटेला धरूनच एक मिनिट थांबा. काट्यावर त्यानंतर.

सिस्टरकडून उभ्याने बीपी मोजून घ्या. वरचा आकडा आधीपेक्षा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर पुन्हा आडवं व्हायचं. झोपून घेतलेलं बीपी छान आलं म्हणून सोडलेले रुग्ण जिन्यात बसलेले सापडतात. घाईच्या वेळी हे मोजणं मागे पडतं, हे मी आमच्याच बाजूने कबूल करते. तुम्ही मागून घ्या, कुणी रागावणार नाही.

मधुमेह असेल आणि घाम, थरथर, गोंधळ असं काही वाटलं तर बीपीबरोबर साखरही बघायला सांगा. किडनी काम करत नसेल तर इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं. लो शुगर आणि लो बीपी बाहेरून दिसायला सारखेच.

४. बाबा डायलिसिसच्या दिवशी ठणठणीत असतात, पण सुट्टीच्या दिवशी पडतात. असं कसं?

असंही होतं, आणि मग कारण वेगळ्या ठिकाणी शोधावं लागतं. रात्री अंधारात उठणं, झोपेची गोळी, बीपीच्या गोळ्यांची वेळ, मांड्यांतली कमजोरी हे सगळं सुट्टीच्या दिवशीही असतंच.

एक गोष्ट मात्र वेगळी काढून सांगते. दोन डायलिसिसमधली लांब सुट्टी असेल किंवा एखादं डायलिसिस चुकलं असेल, आणि पाय अचानक जड पडले, खुर्चीतून उठवेना, जिना चढवेना, तर त्याला थकवा समजू नका. रक्तातलं पोटॅशियम वाढलं की स्नायू असेच सैल पडतात, आणि पुढचा धोका हृदयाला असतो. उद्या डायलिसिस आहेच, तेव्हा बघू, असं म्हणायची ही वेळ नाही. त्याच क्षणी युनिटला फोन करा किंवा थेट तातडीच्या विभागात जा.

५. जास्त पाणी काढतात म्हणून चक्कर येते. थोडं कमी काढा असं सांगू का?

सांगा, पण आधी दोन गोष्टी बघा.

पहिली म्हणजे पाणी किती वेगाने काढलं जातंय. दर किलो वजनामागे ताशी १३ मिलीलीटरच्या वर जाऊ नये, असा एक ढोबळ दंडक आहे. ६० किलोच्या माणसाला चार तासांत हे ३.१ लिटरच्या आसपास बसतं. तुम्ही चार लिटर घेऊन आलात आणि तेवढ्याच वेळात सगळं काढा म्हणालात, तर अंधारी येणारच. उपाय दोन: डायलिसिसचा वेळ वाढवणं, किंवा मधल्या दिवसांत मीठ कमी करणं. मीठ म्हणतेय, पाणी नाही. मीठ कमी झालं की तहान आपोआप कमी लागते. नुसती तहान दाबून धरणं कुणालाच फार दिवस जमत नाही.

दुसरी, ड्राय वेट, म्हणजे जास्तीचं पाणी काढल्यावर उरायला हवं ते वजन, जुनं झालंय का. एखादा माणूस आजारातून उठला, नीट जेवू लागला, अंगाला मांस धरलं. खरं वजन दोन किलोने वाढलं, पण फाइलवर जुनाच आकडा आहे. आता दर वेळी त्याच्या अंगातून नसलेलं पाणी काढलं जातंय. पायात गोळे येतात, आवाज बसतो, घरी गेल्यावर दिवसभर झोपून राहावंसं वाटतं. अशा वेळी ‘मला अशक्तपणा आलाय’ एवढंच म्हणू नका, ‘माझं ड्राय वेट पुन्हा बघा’ असं स्पष्ट म्हणा. उलटंही घडतं: माणूस खंगत जातो, आकडा तोच राहतो, आणि अंगात पाणी साठत जातं.

बीपी पडू नये म्हणून मशीनमधल्या द्रावणाचं तापमान थोडं उतरवता येतं. थंडी वाजते खरी, पण बऱ्याच जणांना त्याने फरक पडतो. विचारून बघा.

६. बीपीची गोळी डायलिसिसच्या दिवशी सकाळी घ्यायची की नाही?

सगळ्यांना लागू होईल असं उत्तर नाही. काहींचं बीपी मशीनवर उतरतं, त्यांना डॉक्टर सकाळची गोळी रात्री घ्यायला सांगतात. काहींचं मशीनवर उलट चढतं, त्यांनी गोळी टाळली तर नुकसान. शिवाय काही गोळ्या डायलिसिसमध्ये धुऊन जातात, काही जात नाहीत. डॉक्टरांकडे जाताना मशीनवरच्या आकड्यांबरोबर घरचे, उभ्याने घेतलेले आकडेही न्या. पाच मिनिटं झोपून एकदा, मग उभं राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. फिस्टुलाच्या (डायलिसिसच्या सुयांसाठी शीर आणि धमनी जोडून केलेल्या जागेच्या) हातावर पट्टा बांधायचा नाही, हे तुम्हाला माहीत आहेच.

प्रोस्टेटसाठी दिली जाणारी टॅमसुलोसिन आणि बीपीसाठीची प्राझोसिन या एकाच घराण्यातल्या आहेत. उभं राहताच बीपी पाडणं हा त्यांचा ठरलेला दुष्परिणाम. दोन वेगवेगळ्या डॉक्टरांनी एकेक दिलेली असते आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नसतो.

७. आणखी कोणत्या गोळ्यांनी तोल जातो?

ज्यांचं नाव कुणी संशयितांत घेत नाही त्या. पायाच्या आगीसाठी किंवा मुंग्यांसाठी गॅबापेन्टिन, प्रीगॅबालिन. या किडनीवाटे बाहेर पडतात, त्यामुळे साधा डोससुद्धा अंगात साठत जातो. माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या देतो आणि घरच्यांना वाटतं वय झालं. स्नायू सैल करणारी बॅक्लोफेन तर याहून वाईट, एक-दोन गोळ्यांतही माणूस गोंधळून जाऊ शकतो. अंगाच्या खाजेवरची झोप आणणारी औषधं, झोपेच्या गोळ्या आणि ट्रॅमाडॉल यांचंही तसंच.

करायचं सोपं आहे. घरातल्या सगळ्या गोळ्या, चूर्णं आणि थेंबसुद्धा, एका पिशवीत भरून डायलिसिसला आणा. यादी करू नका, पिशवीच आणा. यादीत जे चालू असायला हवं ते लिहिलं जातं, आणि पिशवीत काय काय सापडतं ते आम्हाला विचारा.

८. चक्कर येत असेल तर भरपूर पाणी प्या, उठण्याआधी दोन ग्लास प्या, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. मग?

ते तुमच्यासाठी नाही. तो सल्ला चालत्या किडनीच्या माणसांचा आहे. मीठ जास्त खा, हेही तसंच. त्याऐवजी अंधारी येतेय असं वाटताच उभ्या उभ्या पायाला पायाची तिढी घालून मांड्या आवळा, किंवा मोकळ्या हाताची मूठ घट्ट करा. त्याने बीपी क्षणभर वर येतं, बसायला जागा गाठता येते. तेवढाही वेळ नसेल तर आहात तिथेच खाली बसा. लाज वाटते म्हणून खुर्ची शोधत जाणारे वाटेत पडतात.

९. मशीनवर असताना जेवलं तर बीपी पडतं म्हणतात, पण उपाशी राहून तर आणखी चक्कर येते.

जेवल्यावर रक्त पोटाकडे वळतं, म्हणून काहींचं बीपी उतरतं हे खरं. सगळ्यांचं उतरत नाही. तुमचं उतरत असेल तर जड जेवण आधी किंवा नंतर, मशीनवर हलकं काहीतरी. उपवास मात्र नको. डायलिसिसवरच्या माणसाला दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, ती बुडाली की मांड्याच वितळतात.

१०. घरात काय काय बदलावं?

पलंगापासून बाथरूमपर्यंतची वाट मोकळी करा, रात्रभर तिथे मंद दिवा ठेवा, बाथरूममध्ये भिंतीत पक्का बसवलेला दांडा लावा. टॉवेल अडकवायची नळी हा दांडा नव्हे, ती हातात निघून येते. मागून पट्टा असलेल्या चपला घाला. अंघोळ डायलिसिसहून आल्याबरोबर नको: गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैल होतात, आणि बीपी आधीच उतरलेलं असतं. बाकी सगळं नंतर केलं तरी चालेल.

११. व्यायाम करायची ताकदच नाही. काय करू?

खुर्चीतून उठायचं आणि बसायचं. एवढंच. भिंतीला टेकवलेली खुर्ची, समोर टेबल. पाच वेळा उठा-बसा, दिवसातून दोनदा, आणि डायलिसिस नसलेल्या दिवशी. सुरुवातीला हातांचा आधार घ्या. एके दिवशी हात न टेकता उठता आलं की ती मोठी गोष्ट समजा, बाथरूममध्ये तोल सावरायला हीच ताकद लागते. मशीनवर झोपून पायाने सायकल मारायचीही सोय काही ठिकाणी असते. ती पहिल्या दोन तासांत करतात, नंतर बीपी उतरायला लागतं. छातीत दुखत असेल किंवा दम लागत असेल तर आधी डॉक्टर.

१२. काठी कोणत्या हातात धरायची? फिस्टुला डाव्या हातात आहे.

दुखऱ्या किंवा कमजोर पायाच्या विरुद्ध हातात. उजवा पाय कमजोर तर काठी डाव्या हातात, मग तिथे फिस्टुला असला तरी. साध्या काठीचा भार तळव्यावर येतो, फिस्टुलावर नाही. कोपराखाली कडं असलेली कुबडी मात्र त्या हाताला नको, कडं नेमकं फिस्टुलावर दाबतं. काखेतली कुबडीही नको. दोन्ही पाय सारखेच कमजोर असतील तर वॉकर बरा. फिस्टुला नवा, अजून टाके न काढलेला असेल तर सर्जनला विचारा.

१३. माणूस पडला. लगेच काय करायचं?

आधी काहीच नाही, म्हणजे ओढून उभं करायचं नाही. शुद्धीवर आहे का, मान किंवा कंबर दुखते का, एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसतोय का, हे बघा. यातलं काही असेल तर हलवू नका, रुग्णवाहिका बोलवा. डायलिसिसवरच्या माणसाच्या हाडांची घडण बिघडलेली असते, त्यांचं खुब्याचं हाड मोडण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी पट जास्त असतो, आणि तेही साध्या पडण्याने.

सुईच्या जागेतून रक्त येत असेल तर त्या नेमक्या छिद्रावर दोन बोटं दाबा, हात वर धरा, आणि दहा-पंधरा मिनिटं उचलून बघू नका. वर टॉवेलांचा ढीग रचू नका. ढीग रक्त शोषतो, थांबवत नाही, उलट किती जातंय ते लपवतो. चिळकांडी उडत असेल तर दाबतच रुग्णवाहिका बोलवा.

मानेत कॅथेटर (डायलिसिससाठी बसवलेली नळी) असेल तर तो ओढला गेलाय का, झाकणं घट्ट आहेत का, ते बघा. डोक्याला लागलं असेल तर पुढचा प्रश्न.

१४. डोक्याला लागलं, पण काही त्रास नाही. उद्या डायलिसिस आहे, तेव्हा दाखवलं तर चालेल?

नाही. आजच दाखवा.

मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून हेपारिन देतात. साध्या हेपारिनचा असर काही तासांत ओसरतो, पण डायलिसिसनंतर घरी जाताना पडलात तर तो अंगात असतोच. त्यातून किडनी गेलेल्या माणसाच्या प्लेटलेट नीट चिकटत नाहीत. म्हणून कवटीच्या आत हळूहळू रक्त साचण्याची भीती या लोकांत बरीच जास्त. माणूस तासभर, दिवसभर, कधी दोन आठवडेसुद्धा बरा दिसतो. मग डोकेदुखी, जास्त झोप, बोलण्यात गोंधळ, एका बाजूचा हात ढिला. तातडीच्या विभागात पहिलं वाक्य हे म्हणा: ‘डायलिसिसचा पेशंट आहे, अमुक वाजता हेपारिन दिलंय.’ तिथे होणाऱ्या डोक्याच्या स्कॅनला साधारणपणे शिरेतून औषध द्यावं लागत नाही.

आणि पुढच्या डायलिसिसला सुई टोचण्याआधी सांगा की मी पडलो होतो. हेपारिनशिवाय डायलिसिस करता येतं. मशीन चालू झाल्यावर सांगितलंत तर हेपारिन आत गेलेलं असतं.

१५. दोन तास जमिनीवर पडून होते, पण मार लागलेला दिसत नाही. मग डॉक्टर कशाला?

कठीण जमिनीवर एकाच कुशीवर तास-दोन तास पडून राहिलं की दबलेला स्नायू मरायला लागतो आणि त्यातलं पोटॅशियम रक्तात उतरतं. तुमच्या-माझ्या किडनीने ते बाहेर टाकलं असतं. इथे टाकायला कुणी नाही. रक्त तपासल्याशिवाय घरी ठेवू नका, कधीकधी डायलिसिस त्याच रात्री करावं लागतं.

१६. फिस्टुलाच्या हातावरच पडले. हात सुजलाय.

बोटं ठेवून थरथर लागते का बघा, रोज बघता तशीच. लागत नसेल किंवा मंदावली असेल तर आजच युनिटला कळवा. बंद पडलेला फिस्टुला लवकर कळला तर पुष्कळदा उघडता येतो. सुजेवर घट्ट पट्टी गुंडाळू नका, हात उंच ठेवा. सूज वाढत असेल तर त्या हातावर सुई टोचू न देण्याचा हक्क तुम्हाला आहे.

१७. पडल्यावर दुखतं. कोणती गोळी? आणि हाडांसाठी कॅल्शियम सुरू करू का?

दुखण्यावर साधारणपणे पॅरासिटामॉल, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको: पोटातून रक्तस्राव होतो, आणि थोडीफार लघवी होत असेल तर तीही जाते.

कॅल्शियम स्वतःहून नको, व्हिटॅमिन डीही नको. डायलिसिसवरचं ठिसूळ हाड म्हणजे नेहमीचा म्हातारपणाचा ऑस्टिओपोरोसिस नव्हे. फॉस्फरस आणि पॅराथायरॉइड संप्रेरक बघितल्याशिवाय दिलेलं कॅल्शियम हाडाऐवजी रक्तवाहिन्यांच्या भिंतीत जाऊन बसतं. हाडांच्या डॉक्टरांनी डेनोसुमॅबचं इंजेक्शन सुचवलं तर आधी नेफ्रॉलॉजिस्टला (किडनीच्या डॉक्टरांना) दाखवा. डायलिसिसवरच्या रुग्णांत त्याने कॅल्शियम धोकादायकरीत्या खाली जाऊ शकतं, आणि अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी जानेवारी २०२४ मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला.

१८. एकदा पडल्यापासून आम्ही आईला एकटीने चालूच देत नाही. बरोबर ना?

काळजी समजते, पण नाही. पंधरा दिवस पलंगावर गेले की मांड्या इतक्या गळतात की पुढचं पडणं ठरलेलंच. तुम्ही शेजारी चाला, तिच्या कमजोर बाजूने, अर्धं पाऊल मागे. हात धरून ओढू नका, तिला तुमचा हात धरू द्या. फिस्टुलाचा दंड तर धरायचाच नाही.

१९. वडील पडले तरी सांगत नाहीत. आम्हाला तुमच्याकडूनच कळतं.

सुईची जागा बघायला आम्ही बाही वर करतो तेव्हा दंडावर निळा-पिवळा डाग असतो. ‘हे काय?’ ‘काही नाही, दार लागलं.’ लपवण्यामागे भीती असते. एकटं जाणं-येणं बंद होईल, कुणीतरी कायम मागे लागेल. ती भीती खोटी नाही, प्रश्न १८ चं घर पुष्कळ ठिकाणी आहे.

‘पडलात का?’ असं विचारू नका, उत्तर ‘नाही’ येणार. ‘परवापासून कुठे कशाला धरावं लागलं?’ असं विचारा. मग हळूच बाहेर येतं, ‘बाथरूमच्या दाराशी भिंत धरली होती, एवढंच.’ तेवढं आम्हाला पुरतं. चिठ्ठीवर लिहून पाठवा: कोणत्या दिवशी, किती वाजता, डायलिसिसच्या आधी की नंतर, उठताना की चालताना. चिठ्ठी मात्र त्यांच्याच हातात द्या, त्यांच्या नकळत आमच्या हातात नको.